पोत्यावरील तीन अंक

पेरणीचे दिवस जवळ आले कीं शेतकऱ्याच्या घरीं रासायनिक खताचीं पोतीं येऊन पडतात. संयुक्त खताच्या प्रत्येक पोत्यावर तीन अंक ठळक छापलेले असतात : १०:२६:२६, १२:३२:१६, १५:१५:१५, किंवा असेच दुसरे कांहीं. घरांतील वडील मंडळी हे अंक खताचें नांव म्हणून ओळखतात. दुकानांत जाऊन 'दहा-सव्वीस द्या' म्हणून मागतात, आणि शेजाऱ्यानें एकरीं जितकीं पोतीं घातलीं तितकींच आपणही घालतात. परंतु ते अंक म्हणजे नुसतें नांव नव्हे. तो हिशेब आहे. हिशेब मांडणें तर शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींचें काम. तें काम आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं कसें करावें, आणि पालकांनीं त्याचा शेतांत कसा उपयोग करून घ्यावा, एवढें सांगण्यासाठींच हा लेख आम्ही लिहीत आहों.

हा विषय क्षुल्लक नव्हे. खताचा पैसा पीक हातीं येण्याच्या कित्येक महिने अगोदर द्यावा लागतो. पुष्कळ घरीं तो उधारीचा किंवा कर्जाचा असतो. ज्या कमाईंतून पोत्याची किंमत फिटावयाची, तिच्यांतूनच मुलांचीं पुस्तकें, आजाऱ्याचें औषध व घरचा मीठमिरचीचा खर्च भागावयाचा असतो. असें पोतें मातीवर फेंकून दिलें, आणि त्यांतील द्रव्य पिकाच्या मुखांत न जातां वाऱ्यावर उडालें, पाण्याबरोबर वाहून गेलें किंवा मातींतच अडकून बसलें, तर तोटा केवळ पोत्याचा नव्हे. तो त्या घराचा होय. खत अधिक घालणें आणि खत पिकास पोंचविणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

वनस्पतींच्या वाढीस सतरा मूलद्रव्यें अवश्य लागतात असें शास्त्रज्ञ मानतात. त्यांपैकीं कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हीं तीन हवेंतून व पाण्यांतून मिळतात. बाकीचीं मुख्यतः मुळांवाटे जमिनींतून घ्यावीं लागतात. ह्या दुसऱ्या वर्गांत प्रमुख तीन : नत्र, स्फुरद आणि पालाश. नत्रानें पानांस हिरवेपणा येतो व प्रथिनें तयार होतात. स्फुरदानें मुळें जोमानें फुटतात, आणि झाडाच्या शरीरांत शक्तीची जी देवघेव अखंड चाललेली असते ती स्फुरदावांचून चालत नाहीं. पालाश पानांवरील सूक्ष्म छिद्रांची उघडझांप सांभाळतें, पाणी जपतें, आणि पानांत तयार झालेलें अन्न दाण्यांकडे नेण्यास साह्य करतें. ह्यांपैकीं एखाद्याची उणीव झाली कीं पान स्वतःच बोलूं लागतें. नत्र कमी पडलें कीं खालचीं जुनीं पानें शेंड्याकडून पिवळीं होतात; स्फुरद कमी पडलें कीं रोप खुरटतें व पानांवर जांभळट झांक येते; पालाश कमी पडलें कीं जुन्या पानांच्या कडा करपतात. जुनीं पानेंच आधीं कां बिघडतात? कारण टंचाई पडतांच झाड जुन्या पानांतील द्रव्य काढून कोंवळ्या पानांस देतें. दुष्काळांत घरचीं वडीलधारीं माणसें स्वतः अर्धपोटीं राहून लेंकरांस घालतात, तसेंच हें होय.

ह्या द्रव्यांविषयीं एक नियम जर्मन शास्त्रज्ञ स्प्रेंगेल ह्यानें १८२८ सालीं मांडला, आणि पुढें लीबिग ह्या रसायनशास्त्रज्ञानें तो जगभर प्रसिद्ध केला. तो असा कीं, पिकाची वाढ विपुल असलेल्या द्रव्यावर अवलंबून नसून, गरजेच्या मानानें सर्वांत उणें असलेल्या द्रव्यावर अवलंबून असते. औतास जुंपलेल्या दोन बैलांपैकीं एक लंगडत असेल, तर दुसरा कितीही धट्टाकट्टा असो, औत लंगड्याच्याच चालीनें चालतें. धट्ट्याकट्ट्यास आणखी पेंड चारून औताचा वेग वाढत नाहीं. ज्या जमिनींत स्फुरद उणें आहे तींत युरियाचीं पोतीं ओतणें म्हणजे चांगल्या बैलास पेंड चारीत बसणें होय. म्हणूनच दोन किंवा तीन द्रव्यें एकत्र देणाऱ्या खताचें महत्त्व आहे.

संयुक्त खत म्हणजे ज्याच्या दाण्यादाण्यांत हीं द्रव्यें एकत्र आलेलीं असतात असें खत. निरनिराळीं खतें फावड्यानें कालवलीं तर तें केवळ मिश्रण होतें. वाहतुकींत त्यांतील लहान व मोठे दाणे वेगळे होतात, आणि शेताच्या एका भागास एक द्रव्य, तर दुसऱ्या भागास दुसरें अधिक जातें. संयुक्त खतांत ही अडचण नाहीं, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या पोत्यावरील पहिला अंक नत्राचा, दुसरा स्फुरदाचा व तिसरा पालाशाचा. आणि तिन्ही अंक शेंकडा प्रमाण दाखवितात. १२:३२:१६ च्या १०० किलोंत १२ किलो नत्र, ३२ किलो स्फुरद व १६ किलो पालाश असतें. ५० किलोंच्या पोत्यांत ह्याच्या निम्में, म्हणजे ६, १६ व ८ किलो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, स्फुरद हें फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या व पालाश हें पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपांत मोजण्याची जुनी चाल आहे. पिकांच्या शिफारशीही त्याच मापांत दिलेल्या असतात, म्हणून शेतकऱ्याचा हिशेब त्यामुळें चुकत नाहीं. २०२२ सालापासून अनुदानाचीं खतें 'भारत' ह्या एकाच नांवाखालीं विकलीं जाऊं लागलीं. तेव्हां नांवापेक्षां अंक वाचण्याची गरज पूर्वींहून अधिक झाली आहे.

आतां प्रत्यक्ष हिशेब करूं. महाराष्ट्रांत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत पेरला जाणारा बागायती गहू घ्या. त्यास हेक्टरीं १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावें अशी शिफारस आहे. हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर. म्हणून एकरीं हे अंक ४८, २४ व १६ होतात. ह्यांपैकीं सर्व स्फुरद, सर्व पालाश व निम्में नत्र पेरतांना, आणि उरलेलें निम्में नत्र तीन आठवड्यांनीं द्यावयाचें. म्हणजे पेरतांना नत्र २४, स्फुरद २४ व पालाश १६ किलो पाहिजे.

हिशेब नेहमीं स्फुरदापासून सुरू करावा. कारण नत्र पुढेंही देतां येतें, स्फुरदाची वेळ मात्र पेरणीचीच. ३२ किलो स्फुरद १०० किलो खतांत, तर २४ किलो स्फुरद किती खतांत? त्रैराशिकानें उत्तर आलें ७५ किलो, म्हणजे १२:३२:१६ चें दीड पोतें. ह्या ७५ किलोंत ९ किलो नत्र व १२ किलो पालाश आपोआप येतें. पालाश ४ किलो उणें राहिलें. म्युरेट ऑफ पोटॅशमध्यें शेंकडा ६० पालाश असतें, म्हणून तें सुमारें ७ किलो घालावें. नत्र १५ किलो उणें राहिलें. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें, म्हणून युरिया सुमारें ३३ किलो. तीन आठवड्यांनंतरच्या २४ किलो नत्रासाठीं युरिया सुमारें ५२ किलो. कडुनिंबाचें तेल लावलेल्या साध्या युरियाचें पोतें २०१८ पासून ४५ किलोंचें असतें, ५० चें नव्हे, हेंही हिशेबांत विसरूं नये.

दुकानांत १२:३२:१६ नसून १०:२६:२६ असेल तर? २४ किलो स्फुरदासाठीं तें सुमारें ९२ किलो लागेल, आणि त्याबरोबर पालाशही २४ किलो येईल. म्हणजे गरजेहून ८ किलो अधिक. मुंबईंत ट्रॉम्बे येथें तयार होणारें १५:१५:१५ घेतलें तर तें १६० किलो लागेल. त्यांत नत्र बरोबर २४ किलो येईल व पेरतांना युरियाची गरजच उरणार नाहीं; पालाश मात्र पुन्हां ८ किलो अधिक होईल. तेव्हां 'हें खत जोराचें, तें खत हलकें' ही भाषा व्यर्थ आहे. पिकाचे तीन अंक व पोत्याचे तीन अंक एकाखालीं एक लिहावे, वजाबाकी करावी, आणि त्या त्या मार्गानें एकरीं किती रुपये पडतात तें पाहून निवड करावी. ही वजाबाकी चौथ्या इयत्तेंतील मुलासही येते. तरी ती न केल्यामुळें पुष्कळ पैसा मातींत जातो.

हिशेब बरोबर झाला म्हणजे निम्में काम झालें. उरलेलें निम्में जागेचें व वेळेचें.

प्रथम जागेचें पाहूं. स्फुरद मातींत जेथें पडतें तेथून फारसें हालत नाहीं. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनींत चुना बहुधा विपुल असतो. त्या चुन्याशीं संयोग पावून स्फुरद हळूहळू न विरघळणाऱ्या रूपांत जातें. खत जमिनीवर विखरून मातींत कालवलें कीं त्याचा प्रत्येक दाणा चोहोंकडून मातीनें वेढला जातो व त्यांतील स्फुरद अडकण्यास वाव मिळतो. आणि नुसतें वर पडून राहिलें तर सुकलेल्या वरच्या थरांत मुळें त्याच्यापर्यंत येत नाहींत. ह्यावरील उपाय आपल्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे : दोन चाड्यांची पाभर. एका चाड्यांतून बीं सोडावें, दुसऱ्यांतून खत. खत बियाच्या बाजूस सुमारें ५ सेंटिमीटर व बियाहून तितकेंच खोल पडावें, म्हणजे मुळें खालीं उतरतात तों अन्न त्यांच्या वाटेवरच मांडलेलें असतें.

बियास खत चिकटूं मात्र देऊं नये. काकडीच्या फोडींस मीठ लावलें कीं पाणी सुटतें, हें सर्वांनीं स्वयंपाकघरांत पाहिलें आहे. संयुक्त खत हेंही रसायनशास्त्राच्या दृष्टीनें क्षारच होय. तें बियास भिडलें तर कोंवळ्या अंकुरांतील पाणी ओढून घेतें आणि अंकुर करपतो. दुसऱ्या दिवसासाठीं युरिया व संयुक्त खत आदल्या रात्रीं कालवून ठेवणेंही बरें नव्हे. तें हवेंतील ओल ओढून चिकट होतें आणि नळींत अडकतें. लागेल तेवढेंच पेरणीच्या वेळीं कालवावें.

येथेंही गणिताचा उपयोग आहे. गव्हाच्या दोन ओळींत साडेबावीस सेंटिमीटर अंतर असल्यास एका एकरांतील ओळींची एकूण लांबी सुमारें १८ किलोमीटर भरते. पेरतांना द्यावयाचें खत ७५, ७ व ३३ मिळून ११५ किलो. म्हणजे एक मीटर ओळीस सहा-साडेसहा ग्रॅम. चहाच्या चमचाभराहून किंचित् जास्त! पाभरीच्या एका नळीखालीं पिशवी बांधून ती १०० मीटर चालवावी व पिशवींतील खत तोलावें. तें साडेसहाशें ग्रॅमच्या आसपास भरलें तर हात बरोबर बसला असें समजावें. अर्ध्या तासाच्या ह्या खटपटीनें, शेताच्या एका टोंकास खत संपून जाणें व दुसऱ्या टोंकास उरणें हा नेहमींचा घोटाळा टळतो.

आतां वेळेचें. नत्राचा स्वभाव स्फुरदाच्या अगदीं उलट. तें एका जागीं थांबत नाहीं. युरिया जमिनींत पडला कीं थोड्याच दिवसांत त्याचा अमोनिया होतो. खत वरवर पडून राहिलें, आणि जमीन आपल्या काळ्या जमिनीसारखी चुनखडीची असली, तर ह्या अमोनियाचा बराच भाग हवेंत उडून जातो. मातींत जो राहतो त्याचें पुढें नायट्रेट बनतें, आणि तें पाण्याबरोबर मुळांच्याही खालीं उतरतें. म्हणून नत्राची सगळी शिदोरी एकदम न देतां हप्त्यानें द्यावी. गव्हास २१ व्या दिवसाच्या सुमारास मुकुटमुळें फुटूं लागतात व पाठोपाठ फुटवे येतात. त्या वेळीं त्यास नत्राची व पाण्याची भूक सर्वांत मोठी. तेव्हां खुरपणी करून तण काढावें, युरिया ओळींच्या कडेनें द्यावा, व लगेच हलकें पाणी द्यावें. म्हणजे तो मातींत मुरतो. ह्या वेळीं कित्येक ठिकाणीं संयुक्त खतच मुठीनें उभ्या पिकांत फेंकतात. त्यांतील नत्र कांहीं अंशीं कामास येतें. स्फुरद मात्र बव्हंशीं वरच पडून राहतें, आणि त्याची पूर्ण किंमत मोजलेली असते.

येथवर आम्ही घेतलेली शिफारस सरासरी जमिनीची आहे. आपली जमीन सरासरीच असेल असें नाहीं. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. तसेंच शेतकऱ्यानें माती तपासल्यावांचून खताचा अंक कायम करूं नये. केंद्र सरकारनें २०१५ सालीं मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. त्या पत्रिकेवरून आपल्या शेतांत कोणतें द्रव्य उणें व कोणतें पुरेसें तें कळतें. मातीचा नमुना घेण्याचें काम विद्यार्थी सहज करूं शकतील. पीक निघाल्यावर, नवें खत घालण्यापूर्वीं, शेतांत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणें निवडावीं. बांधाजवळची, झाडाखालची किंवा उकिरड्याची जागा टाळावी. प्रत्येक ठिकाणीं वीतभर खोल तिरपा खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यावी. सर्व माती एकत्र करून चार भाग पाडावे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असें करीत जावें. नमुना खताच्या रिकाम्या पोत्यांत मात्र कधींही भरूं नये. तसें केल्यास तपासणी मातीची न होतां पोत्याची होईल.

संयुक्त खत आलें म्हणून शेणखताची गरज संपली असें समजणें चुकीचें आहे. एक टन चांगल्या शेणखतांत नत्र साधारणतः ५ किलोच असतें. पोत्याच्या मानानें हें थोडें खरें. परंतु शेणखत मातीस भुसभुशीतपणा देतें, ओल धरून ठेवतें, आणि जमिनींतील सूक्ष्म जीवांस पोसतें. १८४२ सालीं सुपर फॉस्फेट खताचें पेटंट घेणारे जॉन लॉज ह्यांनीं पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत रोथॅम्स्टेड येथें गव्हाचा एक प्रयोग आरंभिला. ब्रॉडबाक नांवाच्या त्या शेतांत एका पट्ट्यास कांहींच खत नाहीं, एकास शेणखत, व इतरांस निरनिराळीं रासायनिक द्रव्यें देतात. तो प्रयोग आजही चालू आहे. बिनखताच्या पट्ट्यांत पीक अगदींच थोडें येतें. योग्य प्रमाणांत रासायनिक खत मिळालेले पट्टे उत्तम पीक देत आले आहेत. आणि शेणखताच्या पट्ट्यांतील मातींत सेंद्रिय द्रव्य इतरांहून कितीतरी अधिक सांठलें आहे. ह्यावरून पोतें व उकिरडा हे एकमेकांचे वैरी नसून भाऊ आहेत, हें उघड होतें. जस्ताचें खत देणें झाल्यास तें स्फुरदाच्या खतांत मिसळूं नये, एवढेंही लक्षांत असावें. दोघांचा संयोग होऊन दोन्ही पिकास दुर्मिळ होतात.

अधिकाचा मोह सर्वांत घातक. २०१० सालापासून स्फुरद व पालाश यांच्या खतांस द्रव्यांच्या प्रमाणावर अनुदान मिळतें; युरिया त्या व्यवस्थेबाहेर ठेवल्यामुळें फार स्वस्त राहिला, आणि हात त्याच्याकडेच वळतो. परंतु नत्र प्रमाणाबाहेर झालेला गहू उंच, हिरवागार व दिसण्यांत डौलदार होतो, आणि दाणा भरण्याच्या वेळीं वाऱ्याच्या एका झोतानें लोळतो. जें नत्र पिकानें घेतलें नाहीं तें नाहींसें होत नाहीं. त्याचा कांहीं भाग पाझरत विहिरींत उतरतो. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असूं नये असें भारतीय मानक आहे. त्याचें प्रमाण फार वाढलें तर अशा पाण्यांत कालवलेलें दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते. शेतांत फेंकलेली वाजवीपेक्षां जास्त मूठ अशा रीतीनें घरच्या पाळण्यापर्यंत पोंचूं शकते.

ह्या सर्व गोष्टींची परीक्षा आमच्यावर विश्वास ठेवून नव्हे, तर आपल्याच शेतांत करावी. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एकरीं ७५ किलो म्हणजे गुंठ्यास १ किलो ८७५ ग्रॅम. विद्यार्थ्यांनीं वडिलांपाशीं फक्त दोन गुंठे मागून घ्यावे. एका गुंठ्यांत हिशेबानें, पाभरीनें व वेळेवर खत द्यावें; दुसऱ्यांत घरच्या नेहमींच्या रीतीनें द्यावें. दोहोंचा खर्च वहींत लिहावा, दोहोंचें धान्य वेगळें मळावें, वेगळें तोलावें, आणि तो तराजू वडिलांना दाखवावा. मुलाचें बोलणें वडील कदाचित् हंसण्यावारीं नेतील. परंतु तराजूचा कांटा कोणासही तसा नेतां येत नाहीं.